जुनं डिजिटल घड्याळ दुरुस्तीला घेताना: एलईडी की एलसीडी?
१९७२ मध्ये हॅमिल्टन कंपनीचं पल्सर हे सोन्याचं एलईडी घड्याळ २,१०० डॉलरला विकायला आलं. बटण दाबलं की काळ्याभोर काचेत लाल आकडे उजळतात. ते पाहताना आजही जीव हरखतो. पण एलईडी घड्याळातली चिप गेली, की ती बहुधा दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावी लागते. म्हणून नवख्याला मी एलसीडीच, म्हणजे स्वतः न उजळणाऱ्या काळ्या आकड्यांचं घड्याळ, सुचवेन. ८ आकड्याचा एखादा पाय (रेघ) दिसत नसेल, तर बहुधा काच आणि सर्किटमधली रबरी पट्टी मळलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, पाय परत उमटतो. काचेवरची डागाळलेली पोलरायझर फिल्मही (प्रकाश गाळणारा पातळ पापुद्रा) बदलता येते. ती काटकोनात फिरवून लावली, तर गडद पाटीवर उजळ आकडे येतात. गळक्या सेलचा गंज मात्र दोन्हींत सारखाच छळतो.