घोडबंदर रोडला ‘क्राफ्ट बिअर’ प्यायला कोणी बोलावलं तर आधी हे वाचा

३१,७८८ रुपये. तीन ग्लास बिअर, दोन ग्लास वाईन, एक फ्राइज, एक नाचोज आणि आठ ‘टेस्टर’. दोन माणसं, जेमतेम दीड तास.

हॉटेलचं नाव लिहीत नाहीये. वकील मित्राने दम दिलाय की तक्रार चालू असताना नाव टाकलंस तर पैसे मिळणं राहिलं बाजूला, अब्रुनुकसानीची नोटीस तुलाच येईल. म्हणजे चोर नावानिशी धंदा करणार आणि मी गुपचूप ‘एक हॉटेल’ म्हणणार. असो. घोडबंदर रोडवरून आत वळणारी गल्ली, टॉवरच्या खालचे गाळे, काळी पाटी, त्यावर पिवळ्या बल्बांची माळ आणि ‘टॅपरूम’, म्हणजे नळावरची बिअर मिळणारी जागा, असा शब्द. ठाणेकरांना एवढं पुरेल.

डेटिंग ॲपवर ओळख होते, जागा मुलगी ठरवते, बिल येतं, मुलगी जाते. हा प्रकार तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत होता. दिल्लीच्या बातम्या वाचल्या होत्या, अंधेरीच्याही. पण त्या बातम्यांमधल्या जागा म्हणजे अंधारे क्लब, कानठळ्या बसवणारा डीजे, दारात बाउन्सर. ही जागा तशी नव्हतीच. बाहेर दोन कुटुंबं पोरांना घेऊन आइस्क्रीम खात होती. आत लाकडी बाकं, भिंतीवर खडूने लिहिलेली बिअरची नावं, जेंगा खेळायला ठेवलेला. शनिवारी संध्याकाळी कोणीही शॉर्ट्सवर येऊन बसेल असं ठिकाण. म्हणून जे मित्र ‘तुला कळलं कसं नाही’ म्हणून दात काढतायत त्यांना सांगतो, तुम्हीही बसला असतात.

मी छत्तीस वर्षांचा आहे, घरी स्थळं बघून दमले आहेत, ॲपवर होतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिच्या प्रोफाइलवर ‘आवड : क्राफ्ट बिअर’ असं होतं. माझ्या प्रोफाइलवरही तेच होतं. आता कळतंय की माझं वाचूनच तिचं तयार झालं असणार. बोलायला चांगली होती, मराठी स्वच्छ, मुलुंडला राहते म्हणाली. मी तलावपाळीजवळचं एक साधं कॅफे सुचवलं, तर म्हणाली, ‘तिथे पार्किंगचा ताप, त्यापेक्षा माझ्या ओळखीचं एक छोटंसं ठिकाण आहे.’ मुलुंडहून येणाऱ्या मुलीला तलावपाळी टाकून घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये जायची हौस असते का? मेट्रोचं काम, ट्रेलर, कापूरबावडीचा जाम, आणि ही म्हणते तेच सोयीचं! हे मला तेव्हा खटकलं नाही. पुढचं मात्र खटकलं होतं, आणि त्याचाच संताप अजून जात नाही.

मी बिअरमधला अगदीच अडाणी नाही. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची, म्हणजे जागेवरच थोडी थोडी क्राफ्ट बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणांची, सुरुवात पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने केली, तेव्हापासून पुण्याला गेलो की एक चक्कर ठरलेली. गव्हाची बिअर, ज्याला हे लोक हेफेवायझन म्हणतात, ती गाळलेली नसते. यीस्ट आणि गव्हातली प्रथिनं तिच्यात तरंगत राहतात, म्हणून ती गढूळ दिसते, ग्लासच्या पलीकडचं बोट दिसत नाही. वर जाड फेस, आणि नाकाशी नेली की पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. तो वास कोणी ओतलेला नसतो, यीस्टच तयार करतं. आमच्या टेबलावर ‘हाउस हेफेवायझन’ म्हणून जे आलं ते लख्ख पारदर्शक होतं. फेस बसलेला. केळं नाही, लवंग नाही. कुठल्याही बिअर शॉपीत मिळते ती साधी माइल्ड बिअर पाइंटच्या ग्लासात ओतलेली. आणि समोर काचेमागे बिअर बनवायच्या टाक्या दिसतील म्हणून मी मान वळवली तर तिथे काच होती, काचेमागे टाक्या नव्हत्या, पाण्याचे रिकामे जार रचलेले होते.

तेव्हाच उठायला हवं होतं. ग्लास हातात धरून, पलीकडची माझी स्वतःची चारही बोटं त्यातून स्पष्ट बघत बसलो होतो मी! बोललो का नाही? कारण पहिल्याच भेटीत ‘ही व्हीट बिअर नाही’ म्हणून वेटरशी वाद घालणारा माणूस कोणाला आवडतो? ती म्हणाली, ‘किती छान ना?’ आणि मी म्हणालो, ‘हो, लाइट आहे.’

मेनू क्यूआरवर होता. स्कॅन केला तर नावं उघडली, दर नाहीत. वेटर म्हणाला, ‘सर, नवीन मेनू अपलोड होतोय.’ यापुढे मेनूत दर नसेल तर पाणीसुद्धा मागवू नका. दर विचारला की आपण कंजूष दिसतो, या एका भीतीवर त्या गाळ्याचं भाडं निघतंय.

मग आले टेस्टर. चार भोकांची लाकडी फळी, प्रत्येक भोकात बोटभर उंचीचा ग्लास. इथे मला कोणी मूर्ख म्हणू नका. बरी टॅपरूम असेल तर ऑर्डर द्यायच्या आधी नळावरची बिअर घोटभर चाखायला देतात, बहुतेक ठिकाणी फुकट. पुण्यात कित्येकदा घेतलीय. त्यामुळे फळी न मागता आली तेव्हा मला ते आतिथ्य वाटलं. ती म्हणाली, ‘अजून एक आणा ना, ते डार्कवालं.’ दुसरी फळी आली. बिलावर ती अशी छापलेली होती : रिझर्व्ह टेस्टर ३० मिली, नग ८, दर १,९५०, एकूण १५,६००. म्हणजे लिटरला ६५,००० रुपये. त्यातले दोन मी प्यायलो. एकाला जळकी साखर घातलेल्या कोल्ड्रिंकची चव होती.

तिने दोन वेळा रेड वाईन मागवली, पाणी प्यावं तशी घटाघट संपवली, चेहऱ्यावर सुरकुती नाही. ग्लासामागे २,४००. ते कोकम सरबत असलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

मग तिला आईचा फोन आला, ‘बाहेर रेंज आहे, दोन मिनिटं’. पर्स घेऊन गेली. दोन मिनिटांसाठी बाहेर जाणारं माणूस पर्स नेतं की ठेवून जातं, हे लक्षात ठेवा.

बिल जसंच्या तसं देतो, कारण याच कागदात त्यांची सगळी लबाडी उघडी पडते. बिअर ५०० मिली, ३ नग, ८९० दराने २,६७०. टेस्टर १५,६००. वाईन ४,८००. फ्राइज ६४०, नाचोज ७८०. बेरीज २४,४९०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज २,४४९. आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, ४,८४९. एकूण ३१,७८८.

आता बघा. दारूवर जीएसटी लागतच नाही. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो, आणि महाराष्ट्रात बारमधल्या दारूवर तो १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झाला. जीएसटी लागायचा तो फक्त खाण्यावर, आणि साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के. म्हणजे १,४२० रुपयांच्या खाण्यावर ७१ रुपये. यांनी दारूसकट सगळ्यावर १८ टक्के लावले, वर सर्व्हिस चार्जवरही. आणि सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात जोडायचाच नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलंय, दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलंय. बिलावर १४ आकडी फूड लायसन्स नंबर नाही. पाटीवरचं नाव वेगळं, बिलावरचं वेगळं.

हे सगळं मी घरी येऊन, रात्रभर झोप न लागल्यामुळे काढलं. तिथे टेबलाशी काळ्या टीशर्टमधले दोघे उभे होते. हात लावला नाही, शिवी दिली नाही, फक्त सरकले नाहीत. ‘सर, मॅडमने ऑर्डर दिली, तुम्ही सोबत होता.’ मॅनेजर म्हणाला, ‘पोलिसांना बोलवू का? घरी कळवायचंय का?’ हे ‘घरी’ त्याने फार सवयीने म्हटलं. मी कार्ड दिलं, २०,००० तिथे. कार्डाची मर्यादा संपली, उरलेले ११,७८८ क्यूआरवर. क्यूआर कोणा एका माणसाच्या वैयक्तिक खात्याचा, आणि कार्डाच्या चिठ्ठीवर मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्या. आणि असे अडवून ठेवले तर लाजू नका, तिथेच बसून ११२ लावा. पोलिसांची धमकी देणाऱ्याला पोलीस नको असतात.

निदान मला चौकीत जाईपर्यंत तसं वाटत होतं. आता पोलिसांचं ऐका.

चौकीतल्या साहेबांनी बिल हातात घेतलं, आकडा वाचला आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘काय करता तुम्ही?’ आयटीत आहे म्हटलं. ‘एवढं शिकलेले, आणि ॲपवरच्या बाईबरोबर दारू प्यायला जाता?’ मग, ‘लग्न झालंय? घरी माहितीये?’ तोच प्रश्न! मॅनेजर आणि साहेब एकाच शाळेत शिकले असावेत. मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ काढलं, फसवणुकीचं, जुनं ४२०. तर म्हणाले, ‘अहो, तुम्ही प्यायलात, बिल आलं, तुम्ही भरलंत. यात फसवणूक कुठे आली? हे दिवाणी. ग्राहक मंचात जा.’ मुलगी तिथल्याच माणसांची आहे हे सिद्ध करा म्हणाले. सीसीटीव्ही मागवा म्हटलं, तर ‘गुन्हा दाखल नाही, मग सीसीटीव्ही कसा मागवणार?’ गुन्हा का नाही? तर पुरावा नाही. पुरावा का नाही? तर सीसीटीव्ही नाही. शेवटी साधा अर्ज घेतला, शिक्का मारायलाही कां-कूं. तुम्ही गेलात तर शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावलं. तिथलं उत्तर, समोरासमोर दिलेले पैसे म्हणजे सायबर गुन्हा नाही. अहो, ओळख ॲपवर, खोटं प्रोफाइल ॲपवर, पैसे यूपीआयवर, मग सायबर म्हणजे अजून काय असतं? तक्रार सायबर पोर्टलवर टाकलीच, तुम्हीही टाका, लगेच टाका. समोरच्या खात्यातले पैसे उडायच्या आत गोठले तरच काही हाती लागतं, आणि मी लाजेपायी आख्खा रविवार घालवला.

बँकेने ठरलेलं वाक्य ऐकवलं, ‘पिन तुम्हीच टाकलाय.’ टाकलाय, मी नाकारत नाही. पण बिअरचं बिल मोबाइलच्या कव्हरवाल्याच्या मशीनवर कसं घेतलं, हे मशीन ज्या बँकेचं आहे तिला विचारा ना! त्यावर, ‘सर, तुमची रिक्वेस्ट क्लोज करण्यात आली आहे.’ बँकेच्या उत्तराने समाधान झालं नाही किंवा तीस दिवसांत उत्तरच आलं नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं. जाणार आहे.

उत्पादन शुल्कवाल्यांकडे गेलो तो वेगळ्या कारणाने, की टाक्याच नाहीत तर ‘इथेच बनवलेली’ बिअर येते कुठून. त्यांना वाटलं मी दरासाठी आलोय. ‘दरात आम्ही पडत नाही’, एवढं एकच वाक्य, मी काहीही विचारलं तरी. टेबलावर अर्ज ठेवून आलो. दारूवरचा कर वाढवताना यांची तत्परता बघण्यासारखी असते.

एक १९१५ ची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन तेवढी नीट बोलली. त्या बाईंनी सर्व्हिस चार्ज आणि जीएसटीचा मुद्दा वेगळा काढून तक्रार नोंदवली आणि मला एकदाही लग्नाचं विचारलं नाही.

घरी अजून सांगितलेलं नाही. दादाला कार्डाचं बिल दिसलं तर लॅपटॉप दुरुस्ती सांगायचं ठरवलंय.

ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांची मुदत असते. एकट्याच्या तक्रारीला हे ‘भांडखोर गिऱ्हाईक’ म्हणून उडवून लावतील. याच गल्लीतलं, दारूवर १८ टक्के जीएसटी लावलेलं आणि ‘रिझर्व्ह टेस्टर’ लिहिलेलं बिल तुमच्याकडे असेल, मग ते वर्षभरापूर्वीचं का असेना, तर फेकू नका आणि मला कळवा. नाव कुठेही येणार नाही. तिचं प्रोफाइल मला आता दिसत नाही, पण मित्राच्या फोनवर परवा दिसलं, नाव वेगळं, फोटो तोच. यावेळी आवड ट्रेकिंग.