माझेच शॉकअप रंगवून मलाच विकले

एक लाख दहा हजार रुपये मोजून मी माझ्या थारला चारही बाजूंनी 'इंपोर्टेड कॉइलओव्हर', म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंगसकट शॉकअप, बसवून घेतले. सहा महिन्यांनी सातपूरच्या एका मिस्त्रीकाकांनी पुढचा डावा शॉकअप थिनरच्या फडक्याने पुसला, तेव्हा लाल रंगाखालून कंपनीचा काळा रंग वर आला. खालच्या टोकाजवळ एक खोल ओरखडा होता. तो मी ओळखला. आदल्या पावसाळ्यात पहिन्याच्या ओढ्यात गाडी दगडावर घासली होती, त्याची ती खूण.

आपल्याकडे या गाड्यांचा नाद मोठा आहे. थार बनतेच मुळी नाशकात. रविवारी सकाळी त्र्यंबक रोडला उभं राहिलं तर वर उचललेल्या दहा गाड्या सहज दिसतात. निरगुडपाड्याच्या बाजूला खडकाळ वाटेवर माझी गाडी दोनदा खालून आपटली, म्हणून मला दोन इंच उंची हवी होती. एका ओळखीच्याने अंबडच्या बाजूच्या एका गॅरेजचं नाव सुचवलं. नाव इथे देत नाही, कारण प्रकरण चालू आहे.

मालकाने काउंटरवर एक सेट काढून दाखवला. तो अस्सल होता, यात मला आजही शंका नाही. शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे, त्यावर फिरणारी रिंग, रिंगेवर स्प्रिंग बसलेली. ही रिंग वर फिरवली की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडी उचलली जाते. स्प्रिंगचा कडकपणा मात्र त्याने बदलत नाही, तो स्प्रिंगच्या तारेवर आणि वेढ्यांवर ठरतो. थारला पुढे कंपनीची स्प्रिंगही शॉकअपवरच बसलेली असते. फरक आट्यांचा, रिंगेचा आणि आतल्या डॅम्पिंगचा, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरण्याचा. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं आणि त्याला ते लगेच कळलं असणार.

भाव सांगितला एक लाख वीस हजार. मी घासाघीस केल्यावर म्हणाला, "दादा, जुने शॉकअप इथेच सोडा, दहा हजार कमी करतो. तुम्हाला घरी नेऊन काय करायचंय?" मला तो सौदा चांगला वाटला. सगळी फसवणूक याच वाक्यात होती. जुने शॉकअप हातात आले असते तर दुसरे बसवल्याचं खोटं एक दिवसही टिकलं नसतं.

काम सकाळी दहाला सुरू झालं. मला म्हणाले, "इथे धूळ खात कशाला बसता, संध्याकाळी या." सातला गेलो तर गाडी पुढून दोन इंच वर, लाल शॉकअप चकचकीत, आणि पुढच्या नळीवर जाड रबरी आवरण. ते कशाला, असं विचारलं. उत्तर मिळालं, "आट्यांत चिखल जाऊ नये म्हणून." आवरणाखाली आटे नव्हतेच.

मग उंची आली कुठून? शॉकअपच्या वरच्या बैठकीत एक जाड धातूची चकती घातली होती. शॉकअप खालच्या आर्मच्या (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला नसतो, आतल्या बाजूला बसतो. त्यामुळे इंचभर चकतीने चाकाजवळ त्याच्या दुपटीच्या आसपास उंची मिळते. मागे स्प्रिंगखाली रबर घातलं होतं. असली चकती बाजारात अगदी थोड्या पैशांत मिळते, आणि 'चकती घालतो' असं सांगून ती बसवणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही.

गाडीवरचा परिणाम लगेच जाणवला नाही. आधी खड्ड्यात पुढून 'ठक्' असा आवाज येऊ लागला. चाक पूर्ण खाली लोंबलं की वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा फिरता सांधा, त्याच्या मर्यादेपलीकडे वाकत होता. पेठ रोडच्या सावळ घाटात स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. पुढचे टायर आतल्या कडेने झिजले. अलाइनमेंटवाल्याने स्पष्ट सांगितलं की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बसत नाही, आणखी फिरवायला जागाच उरलेली नाही. शेवटी उजव्या एक्सलचं रबरी बूट, म्हणजे ग्रीस धरून ठेवणारं आवरण, फाटलं आणि ग्रीस चाकावर उडालं. घाटात, घरची माणसं सोबत असताना पुढचा जॉइंट सुटला असता तर, हा विचार अजूनही झोप उडवतो. पैशांपेक्षा जास्त राग मला याचा आहे.

मालकाकडे गेलो तर पहिलं वाक्य, "ट्रॅकवर आपटलीत, वॉरंटी गेली." बिल काढलं तर ते बिल नव्हतंच, कोटेशन होतं. त्यावर जीएसटी नंबर होता, पण चौदाच अक्षरी. खरा नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. दोन मिनिटांचं काम होतं, मी केलं नाही. आगाऊ तीस हजार रोख दिले होते, त्याची पावती नाही. बाकीचे ऐंशी हजार यूपीआयने गेले, तेही गॅरेजच्या खात्यात नाही, कुणा तिसऱ्याच्याच. पैसे पाठवताना समोर दिसणारं नाव वाचा हो, कृपा करून वाचा.

आणखी एक गोष्ट त्याने उडवून लावली होती, आरटीओची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीच्या मालकाला मनाने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी बदलावर बोट ठेवू शकते. काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

आता कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो: जुन्या शॉकअपवर आतल्या बाजूला न दिसेल अशी खूण करा, नंबराचा फोटो काढा, काम होईपर्यंत तिथेच स्टूल टाकून बसा, आणि जुने पार्ट डिकीत टाकल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, जमिनीपासून मोजली तर टायरच्या हवेने फरक पडतो. आवरण असेल तर ते काढायला लावा आणि रिंग डोळ्यांदेखत फिरवायला सांगा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलामार्फत नोटीस पाठवली, त्यानंतर चाळीस हजार परत आले. उरलेल्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. काकांनी काढलेल्या दोन चकत्या आणि अर्धवट पुसलेला तो डावा शॉकअप मी पोत्यात बांधून ठेवला आहे. गाडीला कंपनीचे नवे चार बसवले आहेत, आणि पुढच्या तारखेला ते पोतं घेऊन मी आयोगात जाणार आहे.