चावीचा टायमर आणि साठ रुपयांची वही : नऊ महिन्यांचा अनुभव

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आठवड्यात इथे वडोदऱ्यात मंगळ बाजारातून स्वयंपाकघरात वापरतात तो चावीचा टायमर घेतला, अडीचशे रुपयांना. सोबत साठ रुपयांची एक वही. आता नवरात्र तोंडावर आलंय आणि दोन्ही रोज वापरात आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी दांडिया बाजारात राहते आणि घरूनच चौदा दुकानांचं जीएसटीचं काम बघते. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० तारखेला ३बी (महिन्याचं एकत्रित विवरणपत्र, त्यासोबत कर भरायचा), आणि अधेमधे सासूबाईंचे गुडघ्याचे व्यायाम, लेकीची दहावी. दिवसभर हात चालूच असायचे, पण रात्री ‘आज काय झालं?’ असं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. त्याचा फार त्रास व्हायचा.

सुरुवात पोमोडोरो पद्धतीनं केली. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलो यांनी विद्यार्थी असताना, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून अभ्यास केला, त्यावरून हे नाव पडलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, चार फेऱ्या झाल्या की मोठी सुटी. विक्रीची बिलं भरायला ही पद्धत उत्तम. पण १४ तारखेला २बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारा खरेदीचा तक्ता) आलं की त्याच्याशी दुकानाची खरेदी जुळवायला बसते, तिथे २५व्या मिनिटाला घंटा वाजली की कुठला फरक शोधत होते तेच हातातून निसटायचं. पंधरा दिवसांनी त्या कामाला ४५ मिनिटं ठरवली. आकड्याला चिकटून बसू नका, असंच मी सांगेन.

खरा फायदा मात्र वहीनं दिला. पानावर दोन रकाने : अंदाज आणि प्रत्यक्ष. काम सुरू करण्याआधी पहिला भरायचा, संपल्यावर दुसरा. एका किराणा दुकानाची खरेदी जुळवायला मी एक तास धरला होता, लागले दोन तास वीस मिनिटं. पुढच्या महिन्यात पुन्हा एकच तास धरला! मागचा अनुभव आठवत असूनही माणूस स्वतःच्या कामाला वेळ कमीच धरतो, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय. मागच्या वेळी खरोखर किती वेळ लागला ते बघून ठरवणं, हा त्यावरचा उपाय. वही नेमकं तेच करायला लावते.

मार्चच्या शेवटी पानं चाळली तेव्हा कळलं की जुळवणी मुळात हळू होत नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक करून आलेले बिलांचे फोटो शोधण्यात निम्मा वेळ जात होता. मग सगळ्यांना सांगितलं, ५ तारखेपर्यंत बिलं एकत्र पाठवा, आणि फोन दुपारी चार ते पाच या वेळातच करा. ‘बेन, एक मिनिट’ म्हणून येणारा फोन पंधरा मिनिटं खातो, हेही वहीतच दिसलं होतं. एक गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं, त्याचं वाईट वाटलं. बाकीच्यांना महिन्या-दोन महिन्यांत सवय झाली.

एक ते अडीच हा वेळ मी मुद्दाम मोकळा सोडते. सासूबाईंचं दुखणं वेळ बघून येत नाही, आणि सगळा दिवस ठासून भरला की एका धक्क्यात सगळंच कोलमडतं. सुरुवातीच्या दोन महिन्यांत हे करत नव्हते, तेव्हा रोज रडकुंडीला यायचे.

टायमरबद्दल तक्रारी आहेत. दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ लावायचा तर काटा आधी बराच पुढे नेऊन मागे आणावा लागतो. दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो. मागचं लोहचुंबक कमकुवत आहे, फ्रिजवरून दोनदा पडला. टिकटिक लेकीला सहन होत नाही, म्हणून घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवते. फोनमधला टायमर अचूक असतो हे खरं, पण तो लावायला फोन हातात घेतला की मेसेज वाचले जातातच. म्हणून काम करताना फोन पुढच्या खोलीत असतो.

या महिन्यात शेवटचं ३बी १८ तारखेला संध्याकाळी भरलं गेलं. दुसऱ्या दिवशी लेकीला चनिया-चोळी घ्यायला नवाबाजारात घेऊन गेले. फोन घरीच ठेवला होता. पहिली वही संपत आलीय, येताना तशीच दुसरी आणली.