कानातला आवाज: मशीन लावायचं, पावसाचा आवाज लावायचा की सीबीटी करायची?

रात्री दिवा मालवला की कानात रातकिडे किरकिरायला लागतात, कूस बदला, उशी बदला, काही फरक नाही, हे ज्यांना होतंय त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी एक गोष्ट, टिनिटस म्हणजे हा कानातला आवाज, हे लक्षण आहे, मूळ कारण वेगळंच असतं. कधी नुसता मळ असतो, कधी हाय डोस ॲस्पिरिन किंवा जेंटामायसिनसारखं औषध, आणि बऱ्याचदा वयाने नाहीतर मोठ्या आवाजाने आतल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी गेलेल्या असतात, मग कानाकडून सिग्नल कमी आला की मेंदूच आपला व्हॉल्यूम वाढवतो असं मानतात. म्हणून पहिले ईएनटी (कान-नाक-घशाचे डॉक्टर) आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, खरेदी नंतर. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्यासोबत धकधक येत असेल तर टाळू नका, आणि अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी दाखवा, स्टिरॉइड लवकर मिळाले तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त.

आता निवड. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे त्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये, ऐकू कमी येतंय असं दिसलं तर मी आधी श्रवणयंत्रच ट्राय करायला सांगेन, कारण बाहेरचे आवाज आत आले की कानातली शिट्टी मागे पडते, बोलणंही नीट कळतं. पण झोपताना मशीन काढून डबीत ठेवलं की ती परत येते, तिथे पंखा किंवा पावसाचा आवाज बरा. तो मात्र शिट्टीपेक्षा थोडा कमीच ठेवायचा, पूर्ण बुडवायला गेलात तर बंद केल्यावर शिट्टी जास्तच टोचते. स्वस्त आहे, आजच सुरू करता येतं, पण आराम बहुतेक वाजतंय तोवरच.

सीबीटी म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार, तिच्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो की "म्हणजे मला भास होतोय का?" अजिबात नाही हो! आवाज खराच ऐकू येतो आणि सीबीटीने तो कमीही होत नाही, कमी होते ती त्याची धास्ती, त्याच्यामागे धावणारं मन, आणि त्रास कमी करण्यात सगळ्यात भक्कम पुरावा हिचाच आहे. काही आठवडे द्यावे लागतात, तेवढा धीर हवा.

गोळ्यांचं म्हणाल तर जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक यांवर पैसे घालू नका, अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या 2014 च्या गाइडलाइनमध्येही त्या देऊ नका असंच आहे.

ऐकू नीट येतंय पण झोप आणि डोकं दोन्ही गेलंय, अशांनी मशीनच्या मागे न लागता सरळ सीबीटी आणि रात्री पावसाचा आवाज, दोन्ही एकदम सुरू करा.