विश्रामबागेतलं लॅब केमिकल्सचं दुकान: कायरल सोन्याच्या नॅनोकणांसाठी कितपत उपयोगी?

प्रॅक्टिकलपुरतं सामान सांगलीत सगळीकडे मिळतं. कायरल, म्हणजे डाव्या किंवा उजव्या पिळाच्या नॅनोकणांसाठी मात्र दुकान पारखून घ्यावं लागतं, आणि विश्रामबागेतलं हे दुकान त्यात उतरतं ते सीटॅबमुळे (CTAB, कणांना आकार देणारं साबणासारखं रसायन). इथे बिलावर लॉट नंबर लिहून देतात, त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्रही मागितलं की मिळतं. सीटॅबमध्ये आयोडाइड पीपीएममध्ये जरी असलं तरी सोन्याचे कण भलत्याच आकारात वाढतात. म्हणून जमलेल्या लॉटच्या आणखी दोन बाटल्या राखून ठेवायला सांगा, ठेवतात.

गोल्ड क्लोराइड (HAuCl4·3H2O, कणांसाठीचं सोनं यातून येतं) 1 ग्रॅमच्या सीलबंद अँप्यूलमध्येच घ्या. ते हवेतलं पाणी झपाट्याने ओढतं, त्यामुळे थोडं थोडं काढून वजन करण्यात अर्थ नाही. अख्खी अँप्यूल 254 मिलीमध्ये विरघळवली की 10 मिलिमोलर द्रावण तयार. धातूचा चमचा अजिबात लावायचा नाही.

ग्लुटाथायोन (कणाला पीळ देणारं छोटं पेप्टाइड) दुकानात फ्रीजमध्ये असतं, पण हातात देतात साध्या पिशवीत. एप्रिल-मे महिन्यात बर्फाचा डबा घरूनच न्या आणि बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, आत दव धरतं. सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या गटाने 2018 मध्ये मांडलेल्या कृतीत सुमारे 5 मिली द्रावणाला 5 मिलिमोलर ग्लुटाथायोनचे फक्त 5 मायक्रोलिटर लागतात. कणाचा पीळ डावा की उजवा, हे एवढ्याशा थेंबावर ठरतं! द्रावण रोज ताजं करा: 10 मिलीला 15.4 मिलिग्रॅम.

वॉटर बाथ 30 अंशांवर स्थिर राहणारा हवा. थंडीत सकाळी सीटॅबचे स्फटिक तळाशी बसतात. कोमट करून पूर्ण विरघळल्याशिवाय पिपेट घालू नका.

उणीव एकच, पण मोठी. डी-ग्लुटाथायोन, म्हणजे नेहमीच्या एल-ग्लुटाथायोनचं आरशातलं रूप, इथे मिळत नाही. डी-सिस्टीन (cysteine हे अमिनो आम्ल) मागणीवर आणून देतात, मात्र मग एल बाजूही सिस्टीननेच करावी लागते, नाहीतर तुलनाच होत नाही. कण उत्प्रेरक म्हणून वापरायचे तर ही एल-डी जोडी हवीच. डोपा या अमिनो आम्लाच्या ऑक्सिडेशनचा वेग 475 नॅनोमीटरवर मोजताना एल-कण, डी-कण आणि सेंट्रिफ्यूजनंतरचं वरचं पाणी असे तिन्ही नमुने चालवा. त्या पाण्यातही फरक दिसला, तर काम कणांचं नसून सुट्या सिस्टीनचं आहे. धुताना शेवटी साध्या पाण्याऐवजी 1 मिलिमोलर सीटॅब वापरा, नाहीतर कण एकत्र येऊन खाली बसतात.