फ्लोरेसमध्ये एकच गाव जमणार असेल तर वाए रेबो की बेना?

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर जाणारे बहुतेक जण पश्चिम टोकाच्या लाबुआन बाजो शहरात उतरतात, बोटीने कोमोडो ड्रॅगन बघून येतात आणि लगेच बालीचं विमान पकडतात, त्यामुळे अख्खं बेट मागे तसंच राहून जातं. ज्यांच्याकडे दोन-चार दिवस जास्त आहेत आणि आतली गावं बघायचीयत त्यांचा प्रश्न मात्र ठरलेला, वाए रेबोला जायचं की बेनाला? फोटोत दोन्हीकडे गवताची छपरं आणि मागे डोंगर दिसतो म्हणून एक बघितलं की दुसरं बघितल्यात जमा असं वाटतं, पण तसं अजिबात नाहीये. वाए रेबो मांगाराई लोकांचं, बेना न्गाडा लोकांचं. भाषा वेगळी, घरं वेगळी, आणि घराणं एकीकडे वडिलांकडून चालतं तर दुसरीकडे आईकडून.

आधी पोचायचं कसं ते बघू, कारण निम्म्या लोकांचा निर्णय इथेच होऊन जातो. वाए रेबोला गाडी जातच नाही. लाबुआन बाजोवरून किंवा रुतेंग शहरावरून देंगे गावापर्यंत गाडीने यायचं (लाबुआन बाजोवरून पाच-सहा तास धरा, शेवटचा रस्ता अरुंद आणि खराब आहे), मग रस्ता संपतो तिथपर्यंत मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून, आणि तिथून पुढे जंगलातून चढ. दोन-तीन तास लागतात, चालायची सवय असेल तर कमी. पायवाट नीट आहे, पण चढ सोडत नाही आणि पावसाळ्यात जळवा असतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला मी तरी आग्रह करणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी तेवढंच उतरायचं असतं आणि गुडघ्यांची खरी परीक्षा उतरतानाच होते.

बेनाचं एकदम सोपं. बाजावा गावात मुक्काम करायचा, तिथून गाडीने तासाभराच्या आत तुम्ही बेनाच्या दारात. फक्त बाजावाच लाबुआन बाजोपासून लांब आहे, वळणावळणाचा रस्ता, एका दिवसात मारायचा म्हटलं तर पूर्ण दिवस जातो आणि लागणाऱ्यांना गाडी लागतेच, म्हणून मध्ये रुतेंगला थांबलेलं बरं. एंडे शहरात विमानाने येऊन पूर्वेकडून बाजावाला आलात तर प्रवास बराच कमी होतो.

आता मुख्य मुद्दा, तिथे गेल्यावर मिळतं काय.

वाए रेबो समुद्रसपाटीपासून साधारण 1100 मीटरच्या वर, चारही बाजूंनी डोंगर, मधल्या पठारावर सात उंच शंकूसारखी घरं, म्बारू नियांग म्हणतात त्यांना. छप्पर थेट जमिनीपर्यंत येतं, भिंत अशी नाहीच. आत पाच मजले आहेत. खाली माणसं राहतात, त्याच्यावर रोजचं धान्य-सामान, त्याच्यावर बियाणं, त्याच्यावर दुष्काळासाठी राखून ठेवलेलं धान्य आणि अगदी टोकाला पूर्वजांचा नैवेद्य. खिळा नाही, सगळं वेताने बांधलेलं. आत चूल पेटलेली असते आणि धूर वर चढत छपरातून झिरपतो, सुरुवातीला डोळे चुरचुरतात, पण त्याच धुरामुळे लाकूड आणि गवत किडीपासून वाचतं. एक वेळ अशी आली होती की सातपैकी चारच घरं उरली होती, मग 2008 मध्ये आर्किटेक्ट योरी अंतार तिथे पोचले, बाहेरून मदत उभी राहिली आणि गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी, जुन्या पद्धतीने सातही घरं परत उभी केली. 2012 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला मिळाला. घर बांधायची विद्या पुढच्या पिढीच्या हातात गेली ही मला त्या पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

गावात शिरायच्या आधी वाटेवरच्या चौकीत बांबू वाजवून पाहुणे आल्याची वर्दी देतात. मग थेट मोठ्या घरात जायचं, चटईवर बसायचं, गावातले वडीलधारे पूर्वजांना तुमच्याबद्दल सांगतात, थोडे पैसे ठेवायचे, आणि हे होईपर्यंत कॅमेरा बाहेर काढायचा नाही. प्लीज हे पाळा. रात्री पाहुण्यांच्या घरात गोल मांडलेल्या गाद्यांवर सगळे एकत्र झोपतात, म्हणजे प्रायव्हसी शून्य, मोबाईलला रेंज नाही, वीज संध्याकाळी थोडा वेळ. बाथरूम बाहेर वेगळं, पाणी थंडगार. जेवण भात, भाजी, अंडं किंवा चिकन असं साधं. शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा, सोय होते, पण व्हरायटीची अपेक्षा नको. सकाळी धुकं वर सरकतं, अंगणात चटया टाकून कॉफीच्या बिया वाळत घातल्या जातात आणि तीच कॉफी तुमच्या हातात येते.

बेना इनेरिए ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. लांबट, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारं गाव, दोन बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा आणि मधल्या मोकळ्या जागेत उभे दगड, छत्रीसारखे न्गाधू आणि छोट्या घरासारखे भागा. न्गाधू कुळाच्या मूळ पुरुषाचं, भागा मूळ स्त्रीचं, आणि गावात नऊ कुळं. घरांवर म्हशींची शिंगं आणि डुकरांचे जबडे ओळीने लावलेले दिसतात, ते डेकोरेशन नाही, त्या घराने केलेल्या विधींचा तो हिशोब आहे. लोक कॅथलिक आहेत, गावाच्या वरच्या टोकाला मेरीचं देवस्थान आहे, आणि तरी पूर्वजांचे विधीही तेवढ्याच मनापासून होतात. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी येतो, घर मुलीकडे जातं. याबद्दल विचारलं तर लोक मोकळेपणाने बोलतात (इंडोनेशियन भाषा येणारा गाईड मात्र सोबत हवा).

ओट्यांवर बायका विणत बसलेल्या असतात. मागाचा एक पट्टा कमरेला, पाय पुढे टेकवलेले, विणणारी मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैल, म्हणजे अख्ख्या शरीराने कापड विणलं जातं. गडद निळीवर घोड्याची नक्षी हे इथलं खास. घ्यायचं असेल तर जिने विणलंय तिच्याकडूनच घ्या आणि उगाच घासाघीस करू नका.

बेनाचा प्रॉब्लेम म्हणजे ते फार सोपं आहे. गाड्या येतात, लोक अर्ध्या तासात वर-खाली करून फोटो काढतात आणि निघतात, आणि मग म्हणतात की टुरिस्टी आहे. असं उरकलं तर तसंच वाटणार ना! सकाळी लवकर जा, किमान अर्धा दिवस द्या, जमलं तर चालत शेजारच्या लुबा गावालाही जाऊन या, किंवा गावातच कुणाच्या घरी रात्री राहायची सोय होते का विचारा. वाए रेबोत ही अडचण येत नाही कारण एवढं चढून आलेला माणूस आपोआप थांबतो. पण तिथेही सकाळी चढून दुपारी उतरायचा प्लॅन असेल तर माझ्या मते जाऊच नका, मुक्काम नसेल तर वाए रेबोमधलं निम्मं हातातून जातं.

सीझनचं म्हणाल तर दोन्हीसाठी मे ते सप्टेंबर बरा. सण बघायचे असतील तर गोची अशी की ते पावसाच्या दिवसांतच येतात. वाए रेबोचा पेंती नोव्हेंबरमध्ये, न्गाडा लोकांचा रेबा डिसेंबरअखेरपासून पुढे, प्रत्येक गावाची तारीख वेगळी. रेबासाठी पावसात जाणं परवडतं कारण रस्ता डांबरी आहे, पेंतीसाठी मात्र निसरड्या वाटेची तयारी ठेवूनच जायचं.

खर्चात वाए रेबो महाग. मुक्काम-जेवण धरून माणशी काही लाख रुपयाह (हे इंडोनेशियाचं चलन, आपले रुपये नव्हेत), वर लोकल गाईड आणि गाडीचं भाडं. बेनाचं तिकीट त्यापुढे काहीच नाही. रोख पैसे लाबुआन बाजो, रुतेंग किंवा बाजावाच्या एटीएममधूनच काढून ठेवा, पुढे भरवसा नाही.

तर माझं मत. आईवडील किंवा लहान मुलं सोबत असतील, किंवा समाज कसा चालतो, विणकाम कसं होतं याची आवड असेल तर डोळे झाकून बेना. पाय धड आहेत, दोन दिवस मोकळे आहेत, सगळ्यांसोबत एका छताखाली झोपायला संकोच नाही, तर वाए रेबो. आणि हातात आठवडा असेल तर निवडूच नका, लाबुआन बाजोवरून देंगे, वाए रेबोत रात्र, मग रुतेंग, बाजावा, बेना असं पूर्वेकडे सरकत जा आणि परतीचं विमान एंडेवरून घ्या, म्हणजे तोच रस्ता उलटा मारावा लागत नाही.