फॉग सर्व्हर: साठ मशीन, दहा महिने

मी एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. दोन इमारतींत दोन लॅब, मिळून साठ मशीन, आणि सांभाळायला मी एकटा. पूर्वी एखादं मशीन बसलं की पेनड्राइव्हवरून विंडोज, मग ड्रायव्हर, मग टर्बो सीपासून पायथनपर्यंत एकेक टाकत बसायचं. अर्धा दिवस गेलाच. गेल्या जुलैत फॉग बसवलं. एका तयार मशीनच्या डिस्कची प्रत, म्हणजे इमेज, काढून ती बाकीच्या मशीनवर उतरवणारं हे सॉफ्टवेअर. नाव ऐकून स्टाफरूममध्ये डिओड्रंटचे विनोद होतात, पण ते 'फ्री ओपन सोर्स घोस्ट'चं लघुरूप. जुने हार्डवेअरवाले 'घोस्ट मारला' म्हणतात तोच प्रकार, फक्त नेटवर्कवरून आणि फुकट.

सर्व्हर म्हणजे अडगळीतला एक आय फाइव्ह, त्यात एक टीबीची एसएसडी आणि डेबियन लिनक्स. इन्स्टॉलेशन तासाभरात उरकलं. दोन दिवस खाल्ले ते डीएचसीपीने, म्हणजे मशीनना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या सेवेने. मशीन नेटवर्कवरून बूट व्हायला बूट सर्व्हर आणि बूट फाइल सांगणारे ६६ आणि ६७ हे ऑप्शन राउटरमध्ये लागतात, ते भरायला मला कोणी हात लावू देईना. शेवटी सर्व्हरवरच डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम प्रॉक्सी म्हणून चालवला: पत्ते राउटरच वाटतो, बूट फाइल कुठे आहे तेवढं हा सांगतो. अनोळखी प्रोग्रामवरून बूट होऊ न देणारं सिक्युअर बूट मात्र चोवीस मशीनवर एकेका बायोसमध्ये शिरून बंद केलं.

इमेज काढताना पहिला अडथळा फास्ट स्टार्टअपचा. ते चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, आणि डिस्कच्या अशा भागाला पार्टक्लोन, म्हणजे फॉगमधला प्रत काढणारा प्रोग्राम, हात लावत नाही. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकरही आधी काढावं लागतं.

वेग मस्त आहे. आमची इमेज झेडएसटीडी या कॉम्प्रेशनने दाबून २० जीबीच्या आसपास भरते, आणि मल्टिकास्टने, म्हणजे सगळ्यांना एकदमच पाठवून, एका लॅबची तीस मशीन पंधरा मिनिटांत तयार होतात. एकदा तेच काम पाऊण तास चाललं. स्विचवर शिव्या घातल्या, सर्व्हर रीस्टार्ट केला. निघालं काय, तर कोपऱ्यातल्या एका मशीनची केबल उंदरांनी कुरतडलेली आणि पोर्ट शंभर एमबीपीएसवर उतरलेला. मल्टिकास्टमध्ये सगळा तांडा सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने जातो.

आता डिसेंबरची गोष्ट. दुसऱ्या इमारतीत मी स्टोरेज नोड, म्हणजे इमेजची प्रत ठेवणारा जोड सर्व्हर, ठेवला आहे. मुख्य सर्व्हरवरची इमेज आपोआप तिकडे जाते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. नव्या सेमिस्टरची सॉफ्टवेअर एका मशीनवर टाकली आणि जुन्याच नावावर इमेज काढली. त्या मशीनमध्ये पेनड्राइव्हवाला शॉर्टकट व्हायरस होता. जुनी इमेज पुसली गेली, आणि मी चहा पिऊन येईपर्यंत नवी इमेज दुसऱ्या इमारतीतही निघालेली. दोन ठिकाणी दोन प्रती, दोन्ही बिघडलेल्या! नशीब, एक मशीन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) जळाल्यामुळे ऑगस्टपासून बंद पडून होतं. त्याची डिस्क काढून दुसऱ्या कॅबिनेटला लावली आणि त्यावरून सगळं परत उभं केलं.

तेव्हापासून इमेजच्या नावात तारीख घालतो, जुनीवर 'प्रोटेक्टेड'ची खूण करतो, आणि नवी इमेज तीन मशीनवर उतरवून आठवडाभर मुलांच्या हाती दिल्याशिवाय रेप्लिकेशनची, म्हणजे आपोआप तिकडे प्रत जाण्याची, टिक लावत नाही.

या मे महिन्यात प्रॅक्टिकल परीक्षेच्या चार दिवस आधी वळीव कोसळला. वीज सारखी ये-जा करत होती, यूपीएसने मान टाकली. सकाळी अकरा मशीन उठेनात. त्यातल्या चार डिस्क कायमच्या गेल्या, आणि मुख्य सर्व्हरचा मदरबोर्डही. मग स्टोरेज नोडवरच नव्याने फॉग चढवलं, इमेजची नोंद भरली. बाजारात २५६ऐवजी २४० जीबीच्या डिस्क मिळाल्या. इमेज 'रिसाइझेबल' (लहान-मोठ्या डिस्कवर बसणाऱ्या) प्रकारची होती म्हणून त्यांच्यावरही बसली. दुपारी साडेतीनला लॅब उघडली. एचओडी सरांनी दारातूनच विचारलं, "झालं ना?" आणि निघून गेले.

मुलांच्या फाइल मात्र गेल्या त्या गेल्याच. इमेजमध्ये त्या नसतातच, हे दारावर मोठ्या अक्षरात लावूनही दोन मुली रडवेल्या होऊन आल्या.

नवीन आलेल्या सहा मशीनचं नेटवर्क कार्ड फॉगला अजून ओळखता येत नाही. ती सहा मी सध्या क्लोनझिला या दुसऱ्या क्लोनिंग सॉफ्टवेअरच्या पेनड्राइव्हने करतो, एकेक करून.